प्राचीन इजिप्तमधील विश्वोत्पत्तीच्या कल्पना आणि हर्मेटिक विचार

प्राचीन इजिप्तमधील विश्वोत्पत्तीच्या कल्पना म्हणजे विश्व, देव, मानव आणि विश्वव्यवस्था कशी निर्माण झाली याविषयी प्राचीन इजिप्शियन लोकांनी सुमारे तीन हजार वर्षांच्या काळात मांडलेल्या धार्मिक संकल्पनांचा समूह होय. या संकल्पना कोणत्याही एका प्रमाणग्रंथात एकत्रित आढळत नाहीत. हेलिओपोलिस, हर्मोपोलिस, मेम्फिस, थीब्ज, एस्ना इत्यादी धर्मकेंद्रांनी आपापल्या प्रमुख देवतेला केंद्रस्थानी ठेवून त्या मांडल्या. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत रोमन सत्तेखालील इजिप्तमध्ये ग्रीक भाषेत जे हर्मेटिक वाङ्मय रचले गेले, त्यातही विश्वोत्पत्ती हा मध्यवर्ती विषय आहे. या वाङ्मयाचे कर्तृत्व हर्मीस त्रिस्मेगिस्टस या पौराणिक ज्ञात्याकडे दिले जाते. हर्मेटिक विचारांत इजिप्शियन परंपरेचा वाटा किती आणि ग्रीक तत्त्वज्ञानाचा किती, हा अभ्यासकांमध्ये चार शतकांपासून चर्चेत असलेला प्रश्न आहे.

साधने

इजिप्शियन विश्वोत्पत्तीची सर्वांत जुनी विस्तृत साधने म्हणजे पिरॅमिड लेख. सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये (इ.स.पू. सुमारे २३५०) ते प्रथम कोरलेले आढळतात. मृत राजाला देवलोकात पोहोचविणे हा त्यांचा उद्देश असल्यामुळे निर्मितीची कथा त्यांत सलगपणे सांगितलेली नाही; तिचे उल्लेख ओघाने येतात. मध्य राज्याच्या काळातील शवपेटिका लेखांत या कल्पनांचा विस्तार दिसतो. त्यांतील ७५ ते ८० क्रमांकांची पठणे शू या देवतेशी संबंधित असून त्यांत निर्मितीचे तपशीलवार विवेचन आहे. नव्या राज्यातील साधनांमध्ये मृतांचे पुस्तक आणि लायडन येथील संग्रहालयात असलेले आमुनस्तोत्रांचे पपायरस महत्त्वाचे आहेत. पंचविसाव्या घराण्यातील शबाका राजाने कोरविलेली शिला आणि त्यानंतरचे ब्रेम्नर-ऱ्हिंड पपायरस ही उत्तरकालीन साधने होत. टॉलेमी आणि रोमन काळांतील मंदिरांच्या भिंतींवर, विशेषतः एडफू आणि एस्ना येथे, निर्मितीविषयक दीर्घ लेख आढळतात.

समान संकल्पना

स्थानिक भेद असूनही काही कल्पना बहुतेक सर्व परंपरांत समान आहेत.

आदिजल: निर्मितीपूर्वी नून नावाचा अथांग, अंधारा आणि निश्चल जलराशी होता. नून म्हणजे शून्य नव्हे. सर्व अस्तित्व त्यात अव्यक्त रूपाने सामावलेले होते. निर्मितीनंतरही नून नष्ट झाला नाही. तो विश्वाला सर्व बाजूंनी वेढून राहिला असून नाईल नदीचा पूर त्यातूनच येतो, अशी समजूत होती.

आदिम टेकडी: आदिजलातून प्रथम कोरड्या जमिनीचा उंचवटा वर आला. दरवर्षी पूर ओसरताना पाण्यातून डोकावणारे गाळाचे सुपीक उंचवटे या कल्पनेमागे असावेत, असे सामान्यतः मानले जाते. हेलिओपोलिस येथील बेन्बेन ही पवित्र शिला या टेकडीचे प्रतीक होती. ओबेलिस्कचे टोक आणि पिरॅमिडचा शिरोभाग यांचा संबंध बेन्बेनशी जोडला जातो.

प्रथम समय: निर्मितीच्या क्षणाला 'झेप तेपी', म्हणजे 'पहिली वेळ' असे म्हटले जाई. हा क्षण भूतकाळात संपलेला नसून प्रत्येक सूर्योदयाला, प्रत्येक पुराच्या वेळी आणि प्रत्येक राज्याभिषेकाला त्याची पुनरावृत्ती होते, अशी श्रद्धा होती.

माआत: निर्मितीबरोबरच सत्य, न्याय आणि सुव्यवस्था यांचे तत्त्व असलेली माआत अस्तित्वात आली. तिच्या विरुद्ध असलेल्या अव्यवस्थेला 'इस्फेत' म्हणत. राजाचे कर्तव्य माआत टिकविणे हे होते. म्हणून इजिप्तमध्ये विश्वोत्पत्तीचा विचार राज्यसंस्थेशी अविभाज्यपणे जोडलेला होता.

प्रमुख परंपरा

हेलिओपोलिस

सध्याच्या कैरो शहराच्या ईशान्य भागात असलेले हेलिओपोलिस (इजिप्शियन नाव इउनू) हे सूर्योपासनेचे केंद्र होते. येथील परंपरेनुसार आतूम हा देव आदिजलात स्वयंभू प्रकटला. 'आतूम' या नावात 'पूर्ण' आणि 'नसणे' असे दोन्ही अर्थ ध्वनित होतात. तो एकटा असल्यामुळे त्याने स्वतःपासूनच शू आणि तेफनूत हे पहिले जोडपे निर्माण केले. काही लेखांत ही निर्मिती थुंकण्यातून झाली असे म्हटले आहे, तर काहींत ती हस्तमैथुनातून झाल्याचे वर्णन येते. एका शवपेटिका लेखात आतूमला 'तो-ती' असे संबोधले असून त्याच्या ठायी स्त्री आणि पुरुष ही दोन्ही तत्त्वे असल्याचे त्यावरून सूचित होते.

शू हा वायू आणि अवकाशाचा देव होय. शू आणि तेफनूत यांच्यापासून गेब (पृथ्वी) आणि नूत (आकाश) जन्मले. शूने नूतला उचलून गेबपासून वेगळे केले आणि त्यामुळे जीवसृष्टीला राहण्याजोगी पोकळी निर्माण झाली. गेब आणि नूत यांना ओसिरिस, इसिस, सेथ आणि नेफ्थिस ही अपत्ये झाली. या नऊ देवतांच्या गणाला इजिप्शियन भाषेत 'पेसेजेत' आणि ग्रीकमध्ये 'एन्नीड' म्हणतात.

हर्मोपोलिस

मध्य इजिप्तमधील हर्मोपोलिसचे मूळ नाव 'ख्मून', म्हणजे 'आठांचे नगर' असे होते. आजच्या अल-अश्मूनैन या गावाच्या नावात ते टिकून आहे. येथील परंपरेत निर्मात्यापेक्षा निर्मितीपूर्व अवस्थेवर भर आहे. ही अवस्था चार जोडप्यांच्या रूपाने कल्पिलेली होती:

- नून आणि नाउनेत – जल
- हेह आणि हाउहेत – अमर्यादता
- केक आणि काउकेत – अंधार
- आमुन आणि आमाउनेत – अदृश्यता

जुन्या लेखांत चौथ्या जोडप्याची नावे वेगळी आढळतात. या अष्टदेवगणातील (ऑग्डोड) देव बेडकाच्या आणि देवी सापाच्या मस्तकाच्या दाखविल्या जात. त्यांच्या एकत्र येण्यातून सूर्य प्रकटला. तो एका वैश्विक अंड्यातून किंवा पाण्यावर उमललेल्या कमळातून बाहेर आला, अशी भिन्न वर्णने मिळतात. तूना अल-गेबेल येथील पेटोसिरिस या पुरोहिताच्या थडग्यातील लेखात (इ.स.पू. सुमारे ३००) या अंड्याचा अवशेष हर्मोपोलिसच्या पवित्र परिसरात पुरलेला असल्याचे सांगितले आहे. लेखन, गणन आणि ज्ञान यांचा देव थोथ हा याच नगराचा अधिपती होता. हर्मेटिक परंपरेच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

मेम्फिस

मेम्फिसचा देव प्ताह हा कारागिरांचा अधिष्ठाता होता. शबाका शिलेवरील लेखानुसार प्ताहने हृदयात संकल्प केला आणि जिभेने त्याचा उच्चार केला. त्यातून देव, नगरे, अन्न आणि सदाचार निर्माण झाले. इजिप्शियन समजुतीनुसार हृदय हेच विचारांचे स्थान होते. हा लेख हेलिओपोलिसची परंपरा नाकारत नाही. आतूमच्या कृतीचा अर्थ तो प्ताहच्या दातांनी आणि ओठांनी केलेला उच्चार असा लावतो आणि जुनी कथा आपल्या मांडणीत सामावून घेतो.

ही शिला १८०५ मध्ये अर्ल स्पेन्सर यांनी ब्रिटिश म्युझियमला दिली. मधल्या काळात ती जात्यासारखी वापरली गेल्याने लेखाचा बराच भाग झिजला आहे. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९०१ मध्ये तिचे महत्त्व प्रकाशात आणले. कृमींनी खाल्लेल्या जुन्या दस्तऐवजावरून हा लेख उतरविल्याचे शिलेवरच म्हटले असल्यामुळे तो दीर्घकाळ प्राचीन राज्यातील मानला गेला. १९७३ मध्ये फ्रीडरिश युंगे यांनी भाषिक पुराव्यांवरून तो बराच उत्तरकालीन असल्याचे प्रतिपादन केले. आता बहुतेक अभ्यासक त्याची रचना नव्या राज्याच्या उत्तरार्धात किंवा पंचविसाव्या घराण्यात झाली असे मानतात.

थीब्ज

नव्या राज्यात थीब्जचा आमुन हा साम्राज्याचा प्रमुख देव झाला. 'आमुन' या नावाचा अर्थ 'गुप्त' असा आहे. लायडन पपायरसमधील स्तोत्रांत आमुनचे खरे स्वरूप देवांनाही अगम्य असल्याचे म्हटले असून आमुन, रे आणि प्ताह ही एकाच दैवी सत्तेची तीन अंगे म्हणून वर्णिली आहेत: आमुन हे गुप्त नाव, रे हे मुख आणि प्ताह हे शरीर. सर्व देवांपूर्वीचा आणि सर्वांपलीकडचा असा एक गूढ निर्माता, तोच सर्व रूपांत प्रकट होणारा, ही कल्पना येथे परिणत अवस्थेत दिसते.

एस्ना

एस्ना येथील मंदिरात खनूम आणि नेथ या देवतांच्या निर्मितिकथा आहेत. खनूम कुंभाराच्या चाकावर मानवाला घडवितो, तर नेथ सात उच्चारांनी विश्व निर्माण करते. हे लेख रोमन काळातील आहेत. मंदिरातील कोरीव काम इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होते. म्हणजेच हर्मेटिक ग्रंथ ग्रीकमध्ये लिहिले जात असताना इजिप्शियन पुरोहित चित्रलिपीत विश्वोत्पत्तीचे लेख कोरत होते.

मानवाची निर्मिती आणि विश्वाचा अंत

मानवाच्या उत्पत्तीला इजिप्शियन लेखांत तुलनेने कमी जागा मिळाली आहे. 'मानव' आणि 'अश्रू' या शब्दांच्या उच्चारसाम्यावरून मानव निर्मात्याच्या अश्रूंतून जन्मले असे सांगितले जाई. १,१३० क्रमांकाच्या शवपेटिका लेखात निर्माता आपली चार सत्कृत्ये मोजून दाखवितो: सर्वांना श्वास घेता यावा म्हणून चार वारे निर्माण केले, दुर्बल आणि सबल दोघांसाठी पूर आणला, प्रत्येक माणसाला दुसऱ्यासारखेच घडविले आणि देवांना अर्पणे मिळावीत म्हणून माणसांच्या हृदयात मृत्यूची आठवण ठेवली. माणसांतील अन्याय हा देवाच्या आज्ञेने नव्हे, तर माणसांच्या हृदयातून उपजला, असेही तो बजावतो.

विश्व अनंतकाळ टिकेल असे मानले जात नव्हते. मृतांच्या पुस्तकातील १७५ व्या प्रकरणात आतूम सांगतो की, शेवटी सर्व काही पुन्हा आदिजलात विलीन होईल आणि केवळ तो व ओसिरिस शिल्लक राहतील. तोपर्यंत अव्यवस्था दूर ठेवणे हे देव, राजा आणि पुरोहित यांचे काम होते. प्रत्येक रात्री सूर्यदेवाच्या नौकेवर हल्ला करणाऱ्या अपोफिस या सर्पाविरुद्धचे विधी मंदिरांत याच हेतूने केले जात.

थोथपासून हर्मीस त्रिस्मेगिस्टसपर्यंत

इजिप्तमध्ये स्थायिक झालेल्या ग्रीकांनी थोथला आपल्या हर्मीस या देवाशी एकरूप मानले. ख्मून नगराला 'हर्मोपोलिस', म्हणजे 'हर्मीसचे नगर' हे नाव त्यावरूनच मिळाले. 'त्रिस्मेगिस्टस' (त्रिवार महान) या उपाधीचे मूळही इजिप्शियन आहे. थोथला उद्देशून 'महान, महान' अशी द्विरुक्ती करण्याची पद्धत होती, इ.स.पू. १९६ च्या रोझेटा शिलेच्या ग्रीक भागात हर्मीसला अशीच दुहेरी उपाधी आहे. सक्कारा येथे सापडलेल्या, इ.स.पू. दुसऱ्या शतकातील होर नावाच्या व्यक्तीच्या लिखाणात तिचे तिहेरी रूप दिसते.

अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती लेखक इ.स. २०० च्या सुमारास इजिप्शियन पुरोहितांकडे हर्मीसचे ४२ ग्रंथ असल्याची नोंद करतो. ते मंदिरांतील धार्मिक व शास्त्रीय ग्रंथ असावेत. ग्रीक हर्मेटिक ग्रंथांशी त्यांची गल्लत करू नये.

हर्मेटिक वाङ्मय

तात्त्विक स्वरूपाच्या हर्मेटिक वाङ्मयात पुढील साहित्याचा समावेश होतो: सतरा ग्रीक प्रकरणांचा 'कॉर्पस हर्मेटिकम' हा संग्रह, लॅटिनमध्ये टिकून राहिलेला 'अस्क्लेपियस' हा संवाद, स्टोबायस या संकलकाने जतन केलेले उतारे, आर्मेनियन भाषेतील 'व्याख्या' आणि १९४५ मध्ये नाग हम्मादी येथे सापडलेल्या सहाव्या हस्तलिखितातील तीन कॉप्टिक लेख. यांतील बहुतेक रचना इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील मानल्या जातात. संवादांतील पात्रे प्रामुख्याने इजिप्शियन आहेत: हर्मीस, त्याचा पुत्र तात (थोथ या नावाचेच एक रूप), अम्मोन, इसिस, होरस आणि इम्होतेपशी एकरूप मानला गेलेला अस्क्लेपियस.

साम्यस्थळे

आदिजल आणि अंधार: कॉर्पसमधील तिसऱ्या प्रकरणात निर्मितीपूर्वी अमर्याद अंधार, जल आणि सूक्ष्म बुद्धियुक्त प्राणवायू असल्याचे वर्णन आहे. अमर्यादता, अंधार, जल आणि अदृश्य वायू या चौकडीचे हर्मोपोलिसच्या चार जोडप्यांशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. मात्र बायबलमधील 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या ग्रीक अनुवादाशीही या उताऱ्याचे निकटचे साम्य आहे.

बुद्धी आणि शब्द: पहिल्या प्रकरणात, म्हणजे 'पोइमान्द्रेस'मध्ये, दैवी बुद्धी (नूस) आणि शब्द (लोगोस) यांच्याद्वारे विश्वनिर्मिती होते. प्ताहच्या हृदय-जिव्हेच्या सिद्धान्ताशी याची तुलना केली जाते. त्याच वेळी स्टोइक आणि प्लेटोवादी तत्त्वज्ञानातही लोगोसची संकल्पना प्रस्थापित होती. 'पोइमान्द्रेस' हे नाव 'रेचे ज्ञान' अशा अर्थाच्या इजिप्शियन शब्दबंधावरून आले असावे, असे एक मत आहे.

उभयलिंगी निर्माता: 'पोइमान्द्रेस'मधील बुद्धी आणि 'अस्क्लेपियस'मधील देव हे दोन्ही स्त्री-पुरुष तत्त्वांनी युक्त आहेत. आतूमच्या स्वरूपाशी हे जुळते.

गुप्त आणि प्रकट देव: पाचव्या प्रकरणातील देव अदृश्य असूनही सर्व वस्तूंतून सर्वाधिक प्रकट होणारा आहे. थीब्जच्या आमुनस्तोत्रांतील विचार याच्या निकट आहे.

सूर्य: सोळाव्या प्रकरणात सूर्य हाच विश्वाचा घडविता म्हणून येतो. हेच प्रकरण इजिप्शियन ज्ञान ग्रीकमध्ये भाषांतरित करू नये, कारण इजिप्शियन शब्दांच्या ध्वनीतच सामर्थ्य आहे, असे आवाहन करते. आणि ते आवाहन ग्रीकमध्येच लिहिलेले आहे.

अष्टक: 'पोइमान्द्रेस'मध्ये मृत्यूनंतर आत्मा सात ग्रहमंडले ओलांडून आठव्या स्तरावर पोहोचतो. हे आठवे मंडल ग्रीक खगोलकल्पनेतील आहे. परंतु नाग हम्मादी येथील 'आठव्या आणि नवव्याविषयीचा उपदेश' या लेखात हा उपदेश दिओस्पोलिस येथील मंदिरासाठी शिलेवर चित्रलिपीत कोरावा आणि तिच्याभोवती आठ रक्षक असावेत, अशी सूचना आहे: पुरुष रक्षक बेडकाच्या आणि स्त्री रक्षक मांजरीच्या मुखाचे. हर्मोपोलिसच्या अष्टदेवगणाची ही स्मृती असल्याबद्दल फारसा मतभेद नाही.

भेद

साम्यांइतकेच भेदही मूलभूत आहेत. 'पोइमान्द्रेस'नुसार आदिमानव ही देवाची प्रतिमा असून तो निसर्गाच्या मोहाने खाली उतरला आणि देहात बद्ध झाला. आत्मज्ञानाने मूळ स्थानी परतणे हे त्याचे ध्येय आहे. जुन्या इजिप्शियन लेखांत देहबंधनातून सुटकेची अशी कल्पना नाही. तेथे देहाचे जतन हीच परलोकजीवनाची पूर्वअट होती. इजिप्शियन विधींचा भर सूर्य, पूर आणि राज्य यांचे चक्र चालू ठेवण्यावर होता, तर हर्मेटिक ग्रंथांचा भर गुरू-शिष्यांच्या लहान वर्तुळातील अंतर्मुख साधनेवर आहे.

असे असले तरी 'अस्क्लेपियस'मध्ये जगाविषयी आदराचा सूर आहे. त्यातील भविष्यकथनात इजिप्त हे स्वर्गाचे प्रतिबिंब असून एक दिवस देव ही भूमी सोडून जातील आणि मंदिरे थडग्यांनी भरतील, असा विलाप आहे. अव्यवस्थेच्या काळाचे असे वर्णन करणारी वाङ्मयपरंपरा इजिप्तमध्ये मध्य राज्यापासून होती. फिलाई येथील शेवटचा ज्ञात चित्रलिपी लेख इ.स. ३९४ मधील आहे, हे लक्षात घेता हा विलाप एका अस्तंगत होत चाललेल्या पुरोहितपरंपरेची जाणीव व्यक्त करतो, असे मानले जाते.

संशोधनाचा इतिहास

१४६३ मध्ये मार्सिलियो फिचिनो यांनी कोसिमो दे मेदिची यांच्या सांगण्यावरून कॉर्पसचा लॅटिन अनुवाद केला. तो १४७१ मध्ये मुद्रित झाला. हर्मीस हा मोझेसच्या काळातील ऋषी असल्याची समजूत तेव्हा प्रचलित होती. सिएना येथील कॅथेड्रलच्या फरशीवर १४८८ मध्ये त्याचे चित्र जडविले गेले. १६१४ मध्ये आयझॅक कॅसोबोन यांनी भाषा आणि संदर्भ यांच्या आधारे हे ग्रंथ ख्रिस्तोत्तर काळातील असल्याचे दाखवून दिले आणि त्यांची प्राचीनतेची प्रतिष्ठा ओसरली.

कॅसोबोन यांचा कालनिर्णय मुख्यतः टिकला आहे. मात्र त्यांच्या काळी चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती, त्यामुळे या ग्रंथांची तुलना केवळ ग्रीक आणि बायबलच्या वाङ्मयाशीच करणे शक्य होते. १८२२ मध्ये शाँपोलियाँ यांनी चित्रलिपीचा उलगडा केल्यावर मूळ इजिप्शियन लेख तुलनेसाठी उपलब्ध झाले.

विसाव्या शतकात रिचर्ड राइट्सेनश्टाइन यांनी १९०४ मध्ये इजिप्शियन प्रभावाचा मुद्दा मांडला. सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये ज्यू-ग्रीक वाङ्मयाशी असलेले संबंध उलगडले. आंद्रे-जाँ फेस्तुजिएर यांनी १९४४ ते १९५४ या काळातील चार खंडांत हर्मेटिक विचार हा प्रामुख्याने ग्रीक तत्त्वज्ञानाचाच आविष्कार असल्याचे मत मांडले. इजिप्शियन घटक त्यांना वरवरचे वाटले. नाग हम्मादी येथील लेखांनंतर पारडे पुन्हा झुकले. जाँ-पिएर माहे यांनी हर्मेटिक सुभाषिते आणि इजिप्शियन उपदेशवाङ्मय यांतील नाते दाखविले. एरिक इव्हर्सेन यांनी १९८४ मध्ये विश्वोत्पत्तीविषयक समांतर उतारे एकत्र केले, तर गार्थ फाउडेन यांनी १९८६ मध्ये हे वाङ्मय ग्रीक-इजिप्शियन मिश्र समाजात रुजलेले असल्याचे दाखविले. २००५ मध्ये जॅस्नो आणि त्साउझिश यांनी 'थोथचे पुस्तक' हा डेमोटिक लिपीतील ग्रंथ प्रकाशित केला. त्यात ज्ञानाची आवड असलेला शिष्य आणि दैवी गुरू यांचा संवाद असल्याने हर्मेटिक संवादशैलीला इजिप्शियन समांतर उदाहरण मिळाले. हर्मेटिक ग्रंथांचे कर्ते ग्रीक शिकलेले इजिप्शियन पुरोहित असावेत, असे प्रतिपादन क्रिस्टियन बुल यांनी २०१८ मध्ये केले.

प्राचीन काळीही हा प्रश्न उपस्थित झाला होता. इ.स. ३०० च्या सुमारास इआम्ब्लिखसने स्वतःला इजिप्शियन पुरोहित कल्पून लिहिलेल्या ग्रंथात म्हटले आहे की, हर्मीसच्या नावावरील ग्रंथांत तत्त्वज्ञांची भाषा दिसते, कारण त्यांचे भाषांतर करणारे तत्त्वज्ञान जाणणारे होते. आशय मात्र हर्मीसचाच आहे. घडविणारी बुद्धी गुप्त शक्तींना प्रकाशात आणते तेव्हा तिला आमुन आणि कौशल्याने निर्मिती करते तेव्हा तिला प्ताह म्हणतात, असे स्पष्टीकरणही तो देतो.

केवळ कल्पनांच्या साम्यावरून प्रत्यक्ष प्रभाव सिद्ध होत नाही, याची नोंद बहुतेक आधुनिक अभ्यासक घेतात. पात्रांची नावे, अष्टदेवगणाची वर्णने आणि मंदिरविषयक सूचना यांसारखे ठोस दुवे इजिप्शियन परंपरेकडे निर्देश करतात, तर ग्रहमंडले, नूस आणि लोगोस ही परिभाषा ग्रीक आहे. त्यामुळे हर्मेटिक वाङ्मयाकडे दोन्ही परंपरा आत्मसात केलेल्या समाजाची निर्मिती म्हणून पाहण्याकडे आज कल आहे.

गैरसमज

मध्ययुगीन किमयाशास्त्रात प्रसिद्ध असलेली 'पाचूची पाटी' ही अनेकदा प्राचीन इजिप्शियन रचना मानली जाते. परंतु तिची सर्वांत जुनी ज्ञात रूपे अरबी भाषेतील असून ती इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांच्या सुमाराची आहेत. १९०८ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झालेले 'किबॅलियन' हे पुस्तक आधुनिक असून त्यातील सात तत्त्वांची मांडणी कॉर्पस हर्मेटिकममध्ये आढळत नाही. 'हर्मेटिक' हे विशेषण या तिन्ही प्रकारच्या साहित्याला लावले जात असले, तरी इजिप्शियन विश्वोत्पत्तीशी असलेल्या संबंधांची चर्चा मुख्यतः रोमनकालीन ग्रंथांपुरती मर्यादित आहे.